चावीवाल्याच्या मुलीचा लेख

बाईंना हौस दांडगी. शाळेत मुलांचं वर्तमानपत्र निघालंच पाहिजे, असा त्यांनी वर्षभर धोशा लावला, मुख्याध्यापकांचं डोकं खाल्लं आणि शेवटी चार पानांची परवानगी पदरात पाडून घेतली. पहिल्या पानावर ठळक छापलं: 'मुलांनी लिहिलेलं, मुलांसाठी.' यातला अर्धा भाग धादांत खोटा होता.

मुलांनी लिहिलं नव्हतं असं नाही. 'माझ्या घरातलं माणूस' या सदरासाठी तेवीस कागद आले होते. पण कुणाचा काका नुसता झोपून राहायचा, तर कुणाची आत्या सगळ्यांशी भांडायची. सुट्टीच्या दिवशी बाई शाळेत येऊन संगणकासमोर बसल्या. आधी त्यांनी शुद्धलेखन सुधारलं, मग वाक्यं सुधारली, आणि एकदा हात सुटल्यावर माणसंसुद्धा सुधारून टाकली. झोपाळू काका पहाटे उठून व्यायाम करू लागला.

चावीवाल्याच्या मुलीनं लिहिलं होतं, 'बाबा दुकानात गिऱ्हाइकांशी खूप बोलतात. घरी बोलत नाहीत. एकदा मी घराची चावी घेऊन दुकानात गेले आणि म्हणाले, अशीच एक करून द्या. तेव्हा ते माझ्याशी बोलले.' वाचून बाईंना कसंतरीच झालं. पहिल्याच अंकात हे रडगाणं कशाला, म्हणून त्यांनी तो कागद शिक्षकांच्या खोलीतल्या आपल्या टेबलाच्या खणात टाकला. छापलं ते असं: 'माझे बाबा माझे जिवलग मित्र आहेत. मी शाळेतून आले की ते मला जवळ बसवून दिवसभराच्या गमती विचारतात.'

अंक वाटल्यानंतर चौथ्या दिवशी, मधल्या सुट्टीत, चावीवाला शिक्षकांच्या खोलीत आला. बोटांना लोखंडाचा कीस चिकटलेला, हातात घडी घातलेला अंक, मागे मुलगी.

"चार वेळा वाचलं बाई," तो म्हणाला. "खरं सांगतो, मी हिला असं काही विचारल्याचं मला आठवत नाही. डोकं सगळं कामात असतं. पण पोरगी लिहितेय म्हणजे विचारलं असेल कधीतरी. म्हणजे मी समजत होतो तेवढा काही वाईट बाप नाही मी."

बाई हसल्या. दुसरं काय करणार?

"एक काम होतं. हे छापील झालं. तिच्या हातचा कागद असेल तर द्या की. दुकानात काचेखाली लावतो."

कागद बाईंच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता. खण उघडायचा, कागद द्यायचा आणि माफी मागायची, इतकं सोपं होतं ते.

"तो गहाळ झाला हो," बाई म्हणाल्या. "छपाईच्या गडबडीत."

चावीवाल्याचा चेहरा उतरला. मुलगी बाईंकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर बाईंना परवडलं असतं. पण पोर त्यांना सांभाळून घेत होती.

"असू दे बाबा," ती म्हणाली. "मी परत लिहून देते. मला पाठ आहे."

तिनं बाईंच्याच टेबलावरचं पेन घेतलं, कोरा कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहू लागली. माझे बाबा माझे जिवलग मित्र आहेत. बाप तिच्या खांद्यावरून वाकून एकेक शब्द पुटपुटत वाचत होता. थांबवायला हवं होतं, आत्ता, या ओळीला, निदान पुढच्या तरी. बाईंचा हात खणाच्या कडीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. आपल्याइतकं भित्रं माणूस या शाळेत दुसरं नसेल, असं त्यांना वाटलं.

लिहून झाल्यावर मुलीनं खाली आपलं नाव घातलं. बापाच्या हातात देण्याआधी तिनं कागद बाईंपुढे धरला.

"बाई, तपासता?"

बाईंनी वाचलं. एकही चूक नव्हती. त्यांनी नुसती मान हलवली, आणि ते दोघं खोलीतून जाईपर्यंत ती वर केली नाही.