शेवंतीचा हिरवा पट्टा

पिंपरी पेंढारला भिमाजीच्या वावरात गाव लोटलं होतं. सगळी शेवंती दिवाळीला फुलली, पण शेजारच्या हौशीरामच्या पॉलिहाऊसला लागून असलेला पट्टा नुसता हिरवागार राहिला होता. आज त्याच पट्ट्यावर कळ्या लगडल्या होत्या, आणि मधोमध अंगारेबाबा उभा होता.

"ह्या वावरावर वांझ सावली व्हती!" बाबा गरजला. "सावली गेली, कळी आली! माझ्या राखंची ताकद बघा, राव! सायन्सवाल्याला जमायचं न्हाई!"

बाबाची राख दम्याला, मूळव्याधीला आणि बंद पडलेल्या मोटरलाही चालायची. मोटरला मात्र शेवटी वायरमन बोलवावा लागायचा.

सावली म्हणजे साळुबाई, भिमाजीची थोरली विधवा बहीण. मूलबाळ नव्हतं. ही शेवंती तिनंच लावली, तिनंच खुरपली. बाबाच्या शब्दाखातर भिमाजीनं दिवाळीनंतर तिला निमगाव सावाला मावशीकडे धाडलं होतं. "भिमा, मी झाडान्ला काय केलं रं?" जाताना ती रडत म्हणाली. भिमाजीनं मान वर केली नाही.

गर्दीत हौशीरामची मुलगी तेजस्विनी होती. ओतूरच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकत होती. साळुबाई निघाली तेव्हाच तिला खरं कारण ठाऊक होतं. पण वडील म्हणाले होते, "गप ऱ्हा. भिमाजी भरपाई मागंल." आणि ती गप्प राहिली होती.

लोक बाबाच्या पाया पडू लागले, तेव्हा मात्र तिला राहवेना.

"कळ्या राखंनं न्हाई आल्या! साळुबाई गेल्या तवाच आमी बल्ब बंद केले, म्हणून आल्या. आमच्या पॉलिहाऊसमधल्या शेवंतीला पण आल्यात. तिथं कुणी राख टाकली?"

हौशीराम डोळे वटारत होता. ती थांबली नाही. "शेवंतीला लांबलचक अंधार लागतो. रात्री मधीच उजेड पडला की ती कळी धरत न्हाई, नुसती वाढती. दांडा लांब व्हावा, फूल भाव असंल तवा यावं, म्हणून आमी मुद्दाम दिवे लावतो. तोच उजेड ह्या पट्ट्यावर पडत व्हता."

"दिव्यानं कुठं फूल थांबतं व्हय?" बाबा हसला. गावही हसलं.

"मग पुढच्या हंगामाला बघू," ती म्हणाली.

पुढच्या हंगामात त्या पट्ट्याच्या अर्ध्या भागाला तिनं रोज संध्याकाळी उजेड अडवायला काळं कापड लावलं. उरलेल्या अर्ध्यावर बाबानं मंत्र म्हणत राख उधळली. शेजारी बल्ब नेहमीसारखे जळत राहिले. कापडाआडची शेवंती फुलली. राखेतली हिरवीच राहिली. बाबानं ग्रहांवर खापर फोडलं आणि ओतूरची एसटी पकडली. तो परत दिसला नाही.

भिमाजी तेजस्विनीला घेऊन निमगाव सावाला गेला. तेजस्विनीनं बल्बांचं आणि वडिलांनी तिला गप्प बसवल्याचं सगळं सांगितलं. मग भिमाजी बहिणीला म्हणाला, "आक्का, चुकलं माझं. घरी चल."

"फुलांनी सांगितलं तवा पटलं व्हय? मी रडून सांगत व्हते तवा न्हाई पटलं." मग साळुबाई तेजस्विनीकडे वळली. "आन् पोरी, तुला तर समदं ठावं व्हतं."

साळुबाई त्यांच्याबरोबर आली नाही.

कळी धरत नसेल तर उजेड तपासा, पाणी तपासा, माती तपासा. माणसाला घराबाहेर काढून झाड फुलत नाही. आणि खरं कारण ठाऊक असेल, तर ते त्याच दिवशी बोला.