एक घर सोडून

पातूरजवळच्या त्या गावात रश्मी आशा सेविका म्हणून काम करू लागली, तेव्हा गरोदर बायका आणि बाळांचे डोस एवढंच आपल्या वाट्याला येईल, असं तिला वाटलं होतं. पण यंदा आरोग्य केंद्रानं तिच्यावर म्हातारे सोपवले. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांना गाठायचं, प्रोस्टेटच्या कॅन्सरची माहिती द्यायची, लघवीची तक्रार विचारायची आणि तक्रार नसली तरी शिबिरात रक्त तपासायला पाठवायचं. हे काम गावातल्या सुनेला द्यावं असं ज्याला सुचलं, त्याची स्वतःची सून नक्कीच लांब शहरात राहत असणार.

पहिल्या दिवशी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोमाजीच्या ओसरीवर ती पदर सावरत बसली आणि जमिनीकडे पाहत म्हणाली, "बाबाजी, लघवीची धार बरोबर येते का?" डोमाजीनं बिडी विझवली. "हे काय इचारनं झालं का वं पोरी?" म्हणत तो तडक गोठ्यात निघून गेला, आणि त्याची बायको पदर तोंडाला लावून हसत राहिली. पण रश्मी चिकट. पुन्हा गेली, परत परत गेली. हळूहळू जीभ सैल झाली. मग देवळासमोर बसलेल्या घोळक्यालाही ती खणखणीत आवाजात सांगू लागली, "तरास नसला तरी तपासा जी. तरास सुरू होते, तवा कधीकधी उशीर झालेला असते." डोमाजी शेवटी शिबिराला गेला, त्याचं काही निघालं नाही, आणि मग तोच बाकीच्यांना हाताला धरून नेऊ लागला. केंद्रात रश्मीचं कौतुक झालं.

गावातलं एकच घर तिनं सोडलं होतं. तिचं स्वतःचं.

सासरे पुंजाराम माळी, भाजीपाला पिकवून अकोल्याच्या बाजारात नेणारे. उंबऱ्याशी आले की खाकरायचे, आणि रश्मी पदर ओढून आत सरकायची. लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी दोघांचं बोलणं सासूच्या मार्फत. "पार्वता, सूनबाईले म्हन, च्या ठेव." चुलीवरचा चहा त्यांना तिथूनच दिसत असायचा. अशा माणसाला धार विचारायची?

तिनं नवऱ्याला गळ घातली. "तुमीच इचारा ना मामाजीले."

श्याम वैतागला. "बापाले मी हे इचारू? तू गावभर लाज सोडली, मले नको सोडाले लावू."

पार्वताबाईंना सांगितलं, तर त्या "पाहू" म्हणाल्या आणि पालक निवडत बसल्या. खरं सांगायचं तर रश्मीला त्या दिवशी सुटल्यासारखं झालं. आपण सांगून पाहिलं, आता आपला काय दोष, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. मामाजी रात्री वरचेवर उठायचे, मोरीची कडी वाजायची, मग बराच वेळ काहीच आवाज यायचा नाही. दुसऱ्या कोणाच्या घरी हे कळलं असतं, तर तिनं सकाळी सकाळीच जाऊन दार ठोठावलं असतं. इथे मात्र ती कूस बदलून झोपायची.

शिबिरं आली आणि गेली. थंडीच्या दिवसांत पुंजाराम कंबर धरून बसले. कोबीची पोती उचलून उसण भरली, म्हणून पार्वताबाई तेल चोळत राहिल्या. उठणंच होईना, तेव्हा श्यामनं त्यांना अकोल्याला नेलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट घ्यायला जायचा पार्वताबाईंना धीर होईना, म्हणून श्याम आणि मामाजींसोबत रश्मी गेली.

डॉक्टर तरुण होते, आडपडदा न ठेवता बोलले. प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांपर्यंत पोचलेला. मुळासकट काढता येणार नाही, औषधांनी आवरून धरू. मग न राहवून त्यांनी विचारलं, "तुमच्या भागात तर तपासणी शिबिरं झाली. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

श्याम खिडकीबाहेर पाहू लागला.

"सांगतलं होतं जी," पुंजाराम म्हणाले. "आमची सूनच आशा हाय. तिनं लय सांगतलं. म्याच आयकलं नाई."

डॉक्टरांनी तिच्याकडे आदरानं पाहिलं. "ताई, तुम्ही तुमचं काम केलंत. घरचेच ऐकत नाहीत, काय करणार?"

तो आदर तिला सोसवेना. ती गप्प राहिली असती, तर गोष्ट तिथेच मिटली असती. लाजेपायी जिनं या माणसाचा जीव धोक्यात घातला, तिचीच लाज तो राखत होता. तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

"नाई डॉक्टर," ती म्हणाली. "मामाजी खोटं बोलून रायले. म्या साऱ्या गावाले सांगतलं, मामाजीले नाई सांगतलं. मले लाज वाटली."

श्यामनं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि तसाच खाली घेतला.

"मलेबी लाजच वाटली, सूनबाई," पुंजाराम म्हणाले. "तू देवळासमोर सांगत होती, तवा मी भिंतीमांगं उभा राहून सारं आयकलं. तू जे जे सांगतलं, ते सारं मले होत होतं. पन सोताहून तुले कसं सांगू? म्हटलं, साऱ्यायच्या घरी जाते, तं आपल्याबी घरी इचारन. इचारलं का सांगून टाकू." त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "रोज वाट पाह्यली तुई."