दोन वर्षांचा सोडा

मी गोटीसोड्याची एक जुनी बाटली आहे. लालबागच्या उत्तमआजोबांच्या दुकानात माझी चाळीस वर्षं गेली. अंगाला जाड हिरवी काच, गळ्यात गोटी आणि पोटात पाण्यासोबत कोंबलेला कर्बवायू. आजोबांनी अंगठ्याने गोटी आत ढकलली की माझ्या आवाजाने रस्त्यापलीकडचा माणूसही वळून बघतो. गर्व म्हणा हवं तर. मला धुतात नि पुन्हा भरतात, प्लास्टिकच्या बाटल्यांना हे भाग्य नाही.

पण मित्रांनो, यंदा मार्चमध्ये माझ्यावर बालंट आलं. आजोबांची सहावीतली नात किर्ती शाळेत शिकून आली, की हवेतला कर्बवायू वाढतोय, तो उष्णता धरून ठेवतो, म्हणून पृथ्वी तापतेय. तिने रडून घर डोक्यावर घेतलं.

"आजोबा, आपल्या सोड्यातपण तोच वायू आहे. बंद करा ना दुकान."

"सोड्यान कोणाचा काय वायट केल्यान गो?" आजोबा म्हणाले खरे, पण नातीचं रडणं त्यांना बघवेना. त्यांनी सोड्याचं यंत्र थांबवलं आणि आम्हा बाटल्यांना भंगारवाल्यासाठी पोत्यात भरलं. खोटं कशाला सांगू, मी फार घाबरले होते.

तिसऱ्या दिवशी किर्तीच्या विज्ञानाच्या कमलबाई सोडा प्यायला आल्या. दुकान बंद का, ते ऐकून त्यांनी हसू दाबलं आणि किर्तीला जवळ बसवलं.

"अगं, हा वायू वाढतो तो मुख्यतः कोळसा, पेट्रोल जाळून. आजोबांनी रोज शंभर बाटल्या विकल्या, तरी वर्षभरात जेवढा वायू सुटेल, साधारण तेवढा एक गाडी इथून कणकवलीला जाताना सोडते."

माझा जीव भांड्यात पडला. किर्ती मात्र बोटं मोजत बसली.

"आजोबा, मे महिन्यात कणकवलीला आपल्या गावी जायला तुम्ही गाडी सांगितलीय ना? जाऊन-येऊन दोन वर्षांचा सोडा झाला की."

आजोबा उठून पोत्याकडे गेले. मग त्यांनी पोत्याची सुतळी सोडून मला बाहेर घेतलं.

"एसटीन जावया," ते म्हणाले. "गाडीवाल्याक नको म्हणान सांगतंय."

मित्रांनो, मी सुटले. माझ्यातला वायू फार तर ढेकरेपुरता. खरा कुठून निघतो ते तुम्हीही बोटं मोजून बघा आणि गाडीवाचून चालत असेल तिथे ती नको म्हणा. आजोबांचे गुडघे दुखतात, एसटीत पाय लांब करता येत नाहीत. नातीसाठी दुकान बंद करायला निघालेल्या माणसाने त्याची तक्रार केली नाही.