दुभाष्याची बोली

“जेरोम, तुमच्या बोलीत चार वाक्यं बोला. मराठीहून निराळी वाटली, तर दुभाष्याची जागा राहील. नाहीतर नाही,” नवे जज्जसाहेब म्हणाले. मराठी ते पुण्याच्या पंडिताकडून शिकून आले होते.

शिरस्तेदार श्रीपादपंत गालात हसले. “साहेब, बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. म्हणून काय बारा कोसांवर दुभाष्या नेमायचा? ही मराठीच, जराशी वेडीवाकडी.”

ख्रिस्ती कोळ्यांच्या साक्षी शुद्ध मराठीत करून साहेबापुढं ठेवण्यात जेरोमचं आयुष्य ठाण्याच्या कचेरीत गेलं होतं. ती वेगळी भाषा की मराठीचीच बोली, हे त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं, ते थेट पोटावर पाय ठेवून!

तो उठला. चार वाक्यं म्हणजे काय मोठंसं?

“माझी आई पहाटे खाडीवर जात असे,” तो म्हणाला.

हशा पिकला. “वा! आमच्या घरीसुद्धा इतकं शुद्ध कुणी बोलत नाही,” श्रीपादपंत म्हणाले.

त्यानं पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच, घासूनपुसून लख्ख केलेलं. अहो, बोली येणार कुठून? कचेरीनं हसू नये म्हणून त्यानंच ती जिभेवरून उतरवली होती. साक्षीदारांना प्रश्नही तो शुद्धच विचारायचा, आणि त्यांना ते कळायचेही. घरी बायको, थेल्मा, तेवढी हट्टानं बोलीत भांडायची. ती गेली, आणि कोपरी गावातल्या खोलीत भांडायलाही कुणी उरलं नाही.

“पुरे,” साहेब हळूच म्हणाले. नोकरी गेली.

बाहेर पायरीवर चेंदणीची जुलिया कोळीण साक्षीसाठी थांबली होती. दारातून तिनं सगळं पाहिलं होतं. तिनं फडकं सोडून भाकरी पुढं केली.

“बस रं भावा. तुना भूक लागली आसल.”

जेरोम पायरीवर टेकला. कित्येक वर्षांत त्याच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. हिला हिच्याच बोलीत उत्तर द्यावं, एकच, असं त्याला फार फार वाटलं.

“आपले मोठे उपकार झाले, बाई,” तो म्हणाला.

जुलिया चपापली. तिनं घाईघाईनं पदर सारखा केला.

“बरं, रावसाहेब,” ती म्हणाली, आणि त्याच्यापासून जरा लांब सरकून बसली.