झाकणांची सोयरीक

"मावशी, उद्यापासून यायचं नाही," मितेशशेठ म्हणाला. बघत मात्र होता तो नव्या प्रेस मशीनकडे.

विमलाबाई डबे खोक्यात भरत होत्या. त्या खारीगावच्या. भाईंदरच्या या गाळ्यात बावीस वर्षं त्यांनी स्टीलच्या डब्यांना झाकणं जुळवली होती. एक नीट बसलं नाही तर दुसरं, तेही नाही तर तिसरं. गाळ्यात याला सोयरीक म्हणत. नव्या मशीनची झाकणं मात्र सगळी सारखी, कुठलंही कुठेही बसेल, असं मशीन विकणारा सांगून गेला. आठ दिवस माल न जुळवताच खोक्यांत चालला होता.

"जाईन, शेट. पन येकदा झाकनं बघू द्या."

"परफेक्ट आहेत, मावशी. बाजूवाल्यानेपण हीच मशीन घेतलीय."

दुपारी डबे विकत घेणाऱ्या क्षितिजा मॅडम आल्या. त्यांच्या हाती वर्षभराची ऑर्डर होती. ती गेली तर गाळा चालणं कठीण. त्यांनी तीन डब्यांत पाणी भरलं, झाकणं लावून डबे उलटे धरले. तिन्ही गळले.

"बाजूलापण हेच बघून आले," म्हणत त्या उठल्या.

मितेश घाईने चौथा डबा शोधू लागला.

"बाई, चाय तरी घेऊन जा," विमलाबाई पुढे झाल्या. झाकण डब्यावर ठेवून त्यांनी हळूच फिरवलं, कान लावला आणि पलीकडे प्रेस चालवणाऱ्या बबनवर ओरडल्या, "ए बबन, डावीकडं दाब कमी पडतोय तुजा! झोपलास काय?"

"तू झोपू देशील तर ना, वैनी!" बबनने पाना उचलला. बावीस वर्षं दोघांचं असंच चालत आलं होतं.

नवी झाकणं निघाली. तिसरं बरोबर बसलं. डबा उलटा केला. एक थेंब नाही.

मॅडम खाली बसल्या. "आणि बाजूवाल्याने यांना जास्त पगार दिला तर?"

"आमची सुलूबी झाकनं जुळवायची, गेलती ना तिकडं," विमलाबाई हसल्या. "पंधरा दिसात परत आली. ती वरडायची, पन प्रेसवाला ऐकायचाच न्हाय. येकटीचं काम न्हाय ते."

चहा संपायच्या आत ऑर्डरवर सही झाली. मितेशने कितीतरी वेळाने मोकळा श्वास घेतला. मग उठून त्याने विमलाबाईंच्या टेबलाची एक बाजू धरली.

"चला मावशी, मशीनजवळ घेऊ. इतक्या लांबून ओरडून घसा बसेल तुमचा."

"जपून, शेट. जड हाय."

विमलाबाईंनी दुसरी बाजू उचलली. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.