देठाकडची चकती

सानपाड्याच्या त्या सोसायटीत राहायला आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं हौसेरावला नावच नव्हतं. ‘बी विंगमधल्या इंद्रजितचे वडील’ एवढीच त्याची ओळख. आधी जुन्या, मग तुर्भ्याच्या भाजी मार्केटात माथाडी म्हणून अडतीस वर्षं पोती वाहिलेला हा साताऱ्याकडचा गडी. लिफ्टमधल्या लोकांना त्याच्याशी काय बोलावं ते सुचत नसे, आणि त्यालाही सुचत नसे. “काका, कुठला मजला?” इथंच बोलणं संपायचं.

मग सोसायटीच्या डोक्यात भाजीच्या मळ्याचं खूळ शिरलं. पार्किंगच्या मागे रिकामी पट्टी होती. सेक्रेटरी सुनयना मॅडमनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, वाफे वाटून दिले आणि पाणी घालायला, फळं तोडायला कमळीला ठेवलं. कमळी इथलीच, सानपाडा गावातली. पट्टीच काय, सोसायटीच्या दोन्ही विंगा जिथं उभ्या आहेत तिथं तिच्या सासऱ्याचं भातशेत होतं. ही गोष्ट सोसायटीत सगळ्यांना माहीत होती आणि कोणीच ती बोलत नसे. तिला मळ्याच्या टोकाला एक वाफा स्वतःचा म्हणून दिला होता, त्याचं मात्र सगळ्यांना फार कौतुक.

मांडवावर वेल चढले, काकड्या धरल्या आणि पहिलीच काकडी कडू निघाली. दहा-बारा शिकलीसवरलेली माणसं तिच्याभोवती उभी राहून मोबाइलमध्ये कारणं शोधत होती. तेव्हा हौसेराव पुढं झाला. दुसरी काकडी तोडली, देठाकडची पातळ चकती कापली, जिभेवर ठेवली, थुंकला. तिसरी घेतली. चकती चावून गिळली.

“ही गोड हाय. घ्या बिनघोर.”

त्या दिवशी तो काका झाला. लिफ्टमधलं विचारायचं म्हणून काका नव्हे, हक्काचा काका. रविवारी तोडणीला लोक परड्या घेऊन त्याच्यासमोर उभे राहू लागले. “काका, चाखून द्या ना.” मार्केटात काकडीची गाडी आली की गाळ्यावरचा सेठ अशीच हाक मारायचा. शंभर माथाड्यांच्या पाठी एकसारख्या, पण जीभ हौसेरावची. बाकी सगळं अंग मालकाचं ओझं वाहून झिजलं, जीभ तेवढी त्याची स्वतःची राहिली होती.

आणि तीच गेली. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्याला आठवडाभर ताप आला. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. आधी वाटलं, येईल चार दिवसांत. मग वाटलं, येईल महिन्याभरात. मग त्यानं वाट बघणं सोडलं. आमटी अळणी की खारट, त्याला काही पत्ता नसे. सून तेजश्री विचारायची, “कशी झालीय?” तो म्हणायचा, “फस्क्लास.” पोरगी बिचारी खूश व्हायची. सासरे एवढे गुणग्राहक कुणाच्या नशिबी असतात!

घरात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? काहीच नाही. पण इंद्रजितला सांगायचं म्हणजे डॉक्टर, डॉक्टर म्हणजे चार माणसांत बोभाटा, आणि मग रविवारी परड्या घेऊन कोण येणार? तेव्हा हा शहाणा माणूस दर रविवारी देठाकडची चकती तोंडात टाकायचा, डोळे बारीक करून चावायचा आणि सांगायचा, “गोड हाय.” आणि दोन वर्षं प्रत्येक फळ खरंच गोड निघालं. त्याला वाटलं, नुसत्या हातालाच कळतंय आता. माणसाला स्वतःबद्दल काहीही पटतं.

यंदाचा मे महिना मात्र फार कडक गेला. आठवड्यात दोन दिवस नळाला पाणी नाही. दुपारी पार्किंगच्या पत्र्याची धग अशी यायची की वेलाची पानं कोमेजून खाली लोंबायची. उन्हाचा असा ताण बसला की दुधीसुद्धा कडू निघतो, हे हौसेरावला पक्कं ठाऊक होतं. त्यानं स्वतःच ग्रुपवर नातीकडून मेसेज टाकून घेतला होता : दुधी चाखल्याशिवाय कोणी खाऊ नये, कडू दुधी विषारी असतो. खाली वीस अंगठे आले होते.

त्याच आठवड्यात कमळी दोन दिवस सुट्टीवर गेली. बोनकोड्याला तिच्या भाचीची हळद होती. मंगळवारी सकाळी सुनयना मॅडम चालून आल्या आणि मळ्याशी थांबल्या. त्या रोज सकाळी दुधीचा रस घ्यायच्या, त्यात आवळा, आलं, पुदिना सगळं घालून.

“कमळी नाही का? काका, तुम्हीच द्या एक तोडून.”

हौसेरावनं मांडवावरचा चांगला हातभर लांब, कोवळा दुधी तोडला. नख लावून पाहिलं. देठाकडची चकती कापली, चावली. तोंडात पाणी सुटल्यासारखं झालं, एवढंच.

“गोड हाय. न्या.”

तासाभरात मॅडमना उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत उलटीत रक्त आलं. तीन दिवस त्या आयसीयूत होत्या. डॉक्टरांनी घरच्यांना एकच प्रश्न विचारला : दुधी कडू होता का? मॅडमना काही सांगता येईना. त्यांचा रस रोजच कडवट लागायचा, आवळ्यामुळं.

त्या तीन रात्री हौसेराव झोपला नाही. इंद्रजितला वाटलं, उकाडा. चौथ्या दिवशी मॅडम घरी आल्या तेव्हा हौसेरावनं देवापुढं नारळ ठेवला आणि मनाशी ठरवलं, सांगून टाकायचं. हे त्यानं खरोखर ठरवलं होतं. त्याच्या बाजूनं बोलायचं तर एवढंच बोलता येतं.

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग भरली. मॅडम अशक्त आवाजात म्हणाल्या, “मला कुणाला दोष द्यायचा नाहीये. पण कळायला तर हवं ना.” कमिटीतली प्राची हुशार पोरगी, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिनं मुद्दे लिहूनच आणले होते.

“दोनच शक्यता आहेत. दुधी कडू असेल, नाहीतर त्यावर काही मारलेलं असेल. काका, तुम्ही चाखला होता ना?”

ऑफिसात वीस-पंचवीस माणसं होती. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. वाईट नजरेनं नव्हे, तेच तर अवघड झालं. ज्या नजरेनं रविवारी परड्या पुढं करायचे, त्याच नजरेनं पाहिलं. इंद्रजित मागं उभा होता, बापाच्या जिभेवर त्याचाही पूर्ण भरवसा. हौसेरावनं तोंड उघडलं.

“चाखला हुता. गोड हुता.”

“मग प्रश्नच मिटला,” प्राची म्हणाली.

आणि खरंच मिटला. दुधी गोड होता म्हटल्यावर उरलं फवारणीचं. रविवारी कमळी वेलांवर बाटलीनं काहीतरी मारताना दोघांनी पाहिलं होतं. कमळीला बोलावलं. ती दारातच उभी राहिली, हाताची हळद अजून उतरली नव्हती.

“लसून-मिरचीचा पानी होता, मॅडम. माव्याची कीर परली होती येलावर.”

“बाटलीवर लेबल कुठंय?”

“घरचा हाय त्यो. त्याला कसला लेबल?”

त्या बाटलीत काय होतं ते हौसेरावला नीट माहीत होतं. लसूण-मिरची त्यानंच खलबत्त्यात कुटून दिली होती. कमळीनं त्याच्याकडं पाहिलं. पाहतच राहिली. हौसेराव टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या पाहत होता, सहा होत्या. शेवटी कमळीनंच मान फिरवली. तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. पोलिसांत देत नाही, हे सोसायटीचे उपकार. टोकाचा वाफाही अर्थात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी रविवार. आता तर लोकांना काकांशिवाय एक पान तोडायचा धीर होईना. मांडवावर सात दुधी तयार झाले होते. प्राचीनं ते एका ओळीत मांडले, चाकू दिला. सगळे गोल करून उभे राहिले.

हौसेरावनं पहिली चकती तोंडात टाकली. करकर झाली, ओल झाली. बाकी कापूस चावल्यासारखं. मॅडमचा पिवळा पडलेला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढं आला. गोड म्हणावं आणि कडू असला तर? तो थुंकला.

“कडू.”

दुसरा कापला. थुंकला. “कडू.” तिसरा, चौथा. पाचव्याला तर त्यानं नीट चावलंसुद्धा नाही. सातही दुधी खताच्या खड्ड्यात गेले. माणसं हबकली, आणि मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

“काका आहेत म्हणून आपण वाचलो,” प्राची म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेजश्रीनं अभिमानानं सासऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर कमळी आपलं घमेलं आणि कोयती न्यायला आली. मळ्यात हौसेराव एकटाच नळी धरून उभा होता. ती त्याच्याशी बोलली नाही. घमेलं उचलताना तिचं लक्ष खड्ड्याकडं गेलं. ती वाकली, एक दुधी काढला, पदराला पुसला आणि कोयतीनं देठाकडची चकती कापून तोंडात टाकली. दुसरा घेतला, तिसरा घेतला. सातही चाखले, सातही चकत्या गिळल्या.

“गोड हान सगलं,” ती म्हणाली. “कशाला टाकलं?”

हौसेरावच्या हातातली नळी त्याच्याच पायावर वाहत राहिली.

“तुमच्या तोंडाला चव नाय, ह्या मना दोन वरसां म्हायती हाय, दादा. तापातून उठलात तवा तुमी माज्यासमोर आखी कडू काकरी खाल्ली. सोन्यासारखी हाय, बोललात. तवापासून मी तोडतानाच चाखून घेतं. कडू असल ती खड्ड्यात, गोड असल ती तुमच्याम्होरं. नुसती त्या दोन दिशी मी नव्हती.”

दोन वर्षं. शंभरेक रविवार. आपल्या हाताला कळतंय असं समजून तो मिशांवरून हात फिरवत होता, आणि त्या मिशा या बाईच्या जिभेवर उभ्या होत्या.

“मंग काल मीटिंगीत बोलली का न्हाईस?” त्यानं विचारलं. “सांगायचं हुतंस की त्यास्नी.”

कमळी दुधी एकेक करून घमेल्यात भरत होती. शेवटचा ठेवून तिनं वर पाहिलं.

“मना वाटला, तुमी बोलाल.”

तिनं घमेलं डोक्यावर घेतलं आणि गेटकडं चालू लागली. हौसेराव तिच्यामागं चार पावलं गेला. अजून काही बिघडलं नव्हतं. मॅडम दुसऱ्या मजल्यावर, प्राची चौथ्या, लिफ्ट समोर उघडी. सांगायचं तर दोन वाक्यं होती.

गेटवर वॉचमननं कमळीला अडवलं. कालपासून तिची पिशवी तपासायची, अशी त्याला ऑर्डर होती. त्यानं घमेल्यात डोकावून पाहिलं आणि तिथूनच ओरडला, “काका, हे सोसायटीचे दुधी आहेत ना? नेऊ देऊ का हिला?”

वरच्या गॅलऱ्यांतून दोन-तीन डोकी बाहेर आली. त्यात प्राची होती. कमळी पाठमोरी उभी होती. तिनं वळून पाहिलं नाही, पण ती ऐकत होती.

हौसेरावनं घसा साफ केला.

“जाऊ दे तिला,” तो म्हणाला. “कडूच हायत ते.”