खाली ठेवलेला कप

कपातली कॉफी आटत नव्हती.

कप बिनकानाचा, लिंबाएवढा. आतून काठाच्या जरा खाली एक निळी रेघ होती आणि कॉफी त्या रेघेला नेमकी टेकली होती. गेल्या शुक्रवारी टेकली होती, आजही टेकलेलीच होती. मुग्धाची इतकी वर्षं पाण्याचे नमुने तपासण्यात गेलेली. एसी सतत चालू असलेल्या कोरड्या खोलीत एवढीशी कॉफी एव्हाना आटून तळाला तपकिरी डाग उरायला हवा होता. इथे साधा तवंगही नव्हता. वेलचीचा वास तर आत्ता उकळल्यासारखा.

कप जैनबचा होता. जैनब बसऱ्याची. मुग्धाच्याच लॅबमध्ये जंतूंचं टेबल सांभाळायची, वेळ झाली की कोपऱ्यात चटई टाकून नमाज पढायची आणि दर आठवड्याला एका अरबी वेबसाइटवर स्वतःच्या नावानिशी भाषण द्यायची. विषय एकच. शंका विचारणाऱ्याला धर्मबुडवा ठरवून ठार करा, हे सांगायचा हक्क देवाने कोणालाही दिलेला नाही. "ज्याला 'नाही' म्हणायची मुभा नाही, त्याच्या 'हो'ला काय किंमत?" असं ती डबा खाताखाताही म्हणायची. बसऱ्यात तिच्या नावाचे धमकीचे कागद भिंतींवर लागले, तेव्हा ती दुबईला आली होती.

मग दोन हजार आठ उलटलं, मंदी आली. क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. लॅबमधली निम्मी टेबलं रिकामी झाली, त्यात जैनबचंही. कंपनीने फ्लॅट काढून घेतला. कॅनडाचे कागद येणार होते, पण अजून महिनाभर तरी नाही. ती देऱ्याच्या जुन्या वस्तीत एका खोलीत बेडस्पेस, म्हणजे फक्त खाटेपुरती जागा, घेऊन राहिली, आणि तिथेही दोन अनोळखी माणसं तिचं नाव विचारत येऊन गेली.

गेल्या शुक्रवारी ती शहराच्या टोकाला, इंटरनॅशनल सिटीत मुग्धाकडे आली, ती आपली लांब चोचीची किटली आणि दोन कप घेऊनच. तिनेच कॉफी केली. मुग्धाने यजमानीण म्हणून कप भरून दिला. जैनबने तो घेतला, न पिता समोर टेबलावर ठेवला आणि गप्प बसली.

मुग्धाला वाटलं, भिडस्त आहे, आग्रह हवाय. आपल्याकडे नाही का, पहिल्यांदा 'नको' म्हटलं की तो पाहुणा शहाणा! तिने तोडकंमोडकं अरबी गोळा केलं. "इश्रबी, जैनब! पी गं. यल्ला, लाजतेस काय?"

जैनबचे डोळे एकदम भरून आले. मग तिने मुग्धाकडे निरखून पाहिलं आणि मान हलवली.

"तुला माहीत नाही, तू काय बोललीस ते," ती इंग्रजीत म्हणाली. "आमच्यात पाहुण्याने भरलेला कप खाली ठेवला की त्याला काहीतरी मागायचं असतं. यजमान 'पी' म्हणाला, की दिलं. मग मागे फिरता येत नाही."

"मग माग ना!"

"कागद येईपर्यंत मला इथे राहू दे. तुमच्या दाराला तोरण आहे. इथे मला कोण शोधणार?"

"सिद्धांतला विचारते," मुग्धा म्हणाली.

"विचार. अर्थ न कळता दिलेला शब्द मी घेणार नाही. दुसरं काय सांगत असते मी लोकांना?" जैनब उठली. "तोवर कप असू दे. पुढच्या शुक्रवारी न्यायला येईन. नाहीच जमलं, तर बहिणीकडे बसऱ्याला जाते."

"जाते म्हणू नये," मुग्धा सवयीने म्हणाली. "येते म्हणावं."

जैनब हसली, पण 'येते' म्हणाली नाही.

तेव्हापासून मुग्धाने नवऱ्याला विचारलं नव्हतं. रोज विचारणार होती. समोरच्या इमारतीत आता एकही पडदा उरला नव्हता. मुग्धाच्या डोक्यावरच्या मजल्यावरचं कुटुंबही रातोरात निघून गेलं होतं, तरी दुपारी तिथे खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. आवाज आला की कपातल्या कॉफीवर बारीक वलय उठायचं. आणि आवाज आला नाही, तरी उठायचं. मुग्धाने टेबल दुसऱ्या भिंतीला लावून पाहिलं, कपावर बशी झाकून पाहिली. बशीच्या खालच्या बाजूला वाफेचे थेंब जमले.

"मम्मा," शाळेतून आलेली शुभ्रा टेबलावर हनुवटी टेकून म्हणाली, "आंटीज कॉफी इज स्टिल वॉर्म."

"हात लावू नकोस त्याला."

"आय डिडन्ट. इट्स वॉर्म फ्रॉम हिअर."

शुक्रवार उजाडला. दुपारच्या नमाजाची बांग रिकाम्या इमारतींवर आपटून दोनदोनदा ऐकू आली, तेव्हा कुठे मुग्धाने सिद्धांतला सगळं सांगितलं.

"अगं, वेड लागलंय का?" तो सोफ्यावरून उठलाच. "ऑफिसात काल एचआरवाली 'गुड मॉर्निंग' म्हणाली, तर मला घाम फुटला. अशात ही भानगड? उद्या ते लोक इथे आले तर? शुभ्रा एकटी असते दुपारी."

"माहीत आहे."

"बाई चांगली आहे, मान्य. पण त्यांच्या धर्माचं भांडण त्यांनी निस्तरावं ना. आपण कोण?"

"तिने तिथे तोंड उघडलं, तेव्हा तिलाही घरचे हेच म्हणाले असतील," मुग्धा म्हणाली. "आपण कोण."

सिद्धांतची नजर कपावर पडली. "आणि हे काय आठवडाभर ठेवलंयस? आधी हे ओत सिंकमध्ये. खलास." त्याने कप उचलला आणि चटका बसल्यासारखा परत ठेवला. इतका हिसका बसला, तरी एक थेंब सांडला नाही. तो बोटं चोळत राहिला.

"तू गरम केलीस ही?"

"नाही."

"मुग्धा, मस्करी करू नकोस."

"मी हात लावलेला नाही. गेल्या शुक्रवारपासून."

वरच्या रिकाम्या घरात खुर्ची सरकली. दोघांनीही छताकडे पाहिलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात जैनब उभी होती. खांद्याला बॅग, हातात पासपोर्ट, आणि त्यात खोचलेलं बसऱ्याचं तिकीट. ती उंबरठ्याबाहेरच थांबली.

"कप न्यायला आले," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "टॅक्सी खाली उभी आहे."

मुग्धाने सिद्धांतकडे पाहिलं. तो हो म्हणाला नाही. पण दारात आडवाही आला नाही. लाल झालेली बोटं मुठीत धरून बाजूला सरकला.

मुग्धाने कप उचलला. तिला तो भाजला नाही, फक्त ऊब लागली, कुणाच्या तरी तळहाताची असावी तशी. कॉफी निळ्या रेघेवरच होती. ती दारापर्यंत गेली आणि तिने कप जैनबच्या हातात दिला.

"आता अर्थ कळतो मला," ती म्हणाली. "पी."